गवत, भाकड म्हशी आणि दुधाच्या बरण्या : बेटेगाव–बोईसर परिसरातील शेतकरी व दूधवाहतुकीचा इतिहास

पालघर जिल्ह्यातील बेटेगाव हे गाव बोईसर रेल्वेस्थानकाच्या पूर्वेस, बोईसरहून चिल्हारला मुंबई–अहमदाबाद महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत व अणुऊर्जा केंद्र, तर पूर्वेस सूर्या नदीचे खोरे आणि त्यापलीकडे जव्हारच्या दिशेने चढत जाणारा डोंगराळ मुलूख आहे. किनाऱ्याचा सखल पट्टा आणि डोंगरी प्रदेश यांच्या सांध्यावरील या टापूचा अर्थव्यवहार गेली दीडशे वर्षे सुमारे शंभर किलोमीटरवरील मुंबईच्या गरजांनी घडवला आहे. त्या गरजांमध्ये दुधाची गरज विशेष महत्त्वाची होती. मात्र ती भागवण्यासाठी या परिसरातून प्रथम दूध गेले नाही, तर गवत गेले, त्यानंतर शहरातील भाकड म्हशींची जोपासना येथे आली आणि बऱ्याच उशिरा येथील शेतकरी स्वतःच्या गोठ्यातील दूध विक्रीसाठी वाहून नेऊ लागला. हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय येथील शेतकऱ्याचे आणि दूधवाल्याचे जीवन नीट उलगडत नाही.

या भागातील शेतीचा पाया भाताचा आहे. जुन्या महसुली व्यवस्थेत जमिनीचे मुख्यतः तीन प्रकार मानले जात : पाणी साचून राहणारी भातखाचरे, विहिरीच्या पाण्यावरील बागायत आणि उताराची हलकी ‘वरकस’ जमीन. वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके आलटून पालटून घेतली जात आणि उरलेल्या काळात तेथे गवत वाढू दिले जाई. याच जमिनीतून ‘राबा’साठी लागणारा पालापाचोळा, फांद्या व गवत मिळे. राब म्हणजे भाताची रोपे तयार करण्याच्या वाफ्यावर शेण, पाला आणि गवताचे थर पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळण्याची पद्धत. तिने तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते, असा अनुभव असल्याने उत्तर कोकणातील शेतकरी ती पिढ्यानपिढ्या पाळत आला. या साऱ्या रचनेत जनावराचे स्थान मुख्यतः दोन कामांसाठी होते, चिखलणीसाठी बैल व रेडे आणि राबासाठी शेण. मुसळधार पावसात टिकून राहणारी, तेलकट कातडीची डांगी जात इगतपुरी, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात प्रसिद्ध होती ती कष्टाळू बैलांसाठी. तिच्या गाईचे दूध वासराला पाजून जे उरे ते घरापुरते असे. कुणबी, वारली, मल्हार कोळी अशा शेतकरी समाजांच्या घरी जनावरे होती, पण दूध हा विकायचा माल नव्हता. गावची गुरे राखणाऱ्या गुराख्याला वर्षअखेरीस धान्याच्या रूपाने मोबदला दिला जाई आणि दिवाळीच्या सुरुवातीस येणाऱ्या वाघबारसेला वाघोबाच्या स्थानी गुरांच्या रक्षणासाठी पूजा केली जाई. जनावराकडे पाहण्याची दृष्टी दुधापेक्षा शेती आणि रान यांच्याशी अधिक जोडलेली होती.

या व्यवस्थेला पहिला धक्का रेल्वेने दिला. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचला आणि पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू हा पट्टा शहराच्या काही तासांच्या अंतरावर आला. त्या काळी मुंबईत म्हशींचे तबेले तर होतेच, शिवाय घोडेही मोठ्या संख्येने होते, कारण १८७४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शहरातील ट्राम घोडेच ओढत आणि व्हिक्टोरिया गाड्या, लष्कर व व्यापारी यांच्या पागा वेगळ्या होत्या. एवढ्या जनावरांना लागणारा चारा शहरात पिकणे शक्य नव्हते. दूध मात्र शहरातच काढावे लागे, कारण धार काढल्यानंतर उष्ण व दमट हवेत ते काही तासांतच आंबते आणि बर्फ वा शीतकरणाची सोय नसताना ते शंभर किलोमीटरवरून आणणे धोक्याचे होते. गवत वाळवले की महिनोन्‌महिने टिकते, दूध टिकत नाही, या साध्या भौतिक फरकामुळे कोकणातून दूध आणण्याऐवजी कोकणातील गवत शहरातील म्हशीकडे नेण्याची पद्धत रूढ झाली आणि मुंबईकराच्या पेल्यातील दुधाचा कच्चा माल उत्तर कोकणातील वरकस जमिनीतून व जंगलातील कुरणांतून जाऊ लागला.

गवताच्या या व्यापाराचे स्वतःचे वेळापत्रक होते. पाऊस ओसरला की भाद्रपद-आश्विनात गवत पक्वतेला येते. ते वेळेवर कापले नाही तर कुसळी जातीच्या गवताला टोकदार कुसळे धरतात, ती जनावरांच्या तोंडाला टोचतात आणि गवताची पौष्टिकताही उतरते. म्हणून भातकापणीच्या आगेमागे, मजुरांची ओढ सर्वाधिक असतानाच, गवतकापणी उरकावी लागे. कापलेले गवत उन्हात वाळवून त्याचे भारे बांधले जात, भाऱ्यांच्या गंजी रचल्या जात आणि बैलगाड्यांतून ते स्थानकाजवळच्या वखारीत आणले जाई. तेथे दाबयंत्राने त्याच्या घट्ट गाठी बांधल्या जात, कारण मोकळे गवत आकाराने फार जागा अडवते आणि मालगाडीचे भाडे परवडत नाही. या साखळीत जमीन बहुधा सावकार किंवा जमीनदाराची, वखार व्यापाऱ्याची आणि कापणीचे कष्ट कुळांचे व आदिवासी मजुरांचे अशी विभागणी होती. वेठ, म्हणजे मालकासाठी विनामोबदला करावे लागणारे काम, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची पद्धत यांमुळे गवताचा भाव चढला तरी त्याचा लाभ कापणाऱ्यापर्यंत पोहोचत नसे.

या अन्यायाविरुद्धचा सर्वांत मोठा उठाव १९४५ मध्ये झाला. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वारली शेतकऱ्यांचे संघटन केले आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यानंतर त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, अशी मागणी पुढे आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. हा लढा सामान्यतः जमीन आणि वेठ यांच्या संदर्भात सांगितला जातो व ते योग्यही आहे; परंतु ज्या मालाच्या मजुरीवरून तो त्या हंगामात पेटला तो माल शहरी गोठ्यांचा चारा होता, हे ध्यानात घेतले तर मुंबईच्या दुधाचा इतिहास आणि वारल्यांच्या उठावाचा इतिहास एकमेकांत गुंतलेले दिसतात.

गवताच्या खालोखाल या परिसराचा शहरी दुधाशी संबंध आला तो भाकड म्हशींमुळे. भाकड म्हणजे दूध आटलेले जनावर. मुंबईचा तबेलेवाला गुजरात व उत्तर भारतातून नुकतीच व्यालेली म्हैस विकत आणी, तिचे दूध आटेपर्यंत ती शहरात ठेवी आणि नंतर तिला पोसणे परवडत नसल्याने एक तर कसायाला विकी किंवा पुन्हा गाभण राहून विण्यापर्यंत खेड्यात पाठवी. पहिल्या मार्गाने उत्तम दुधाळ म्हशी अकाली मारल्या जात असल्याने देशाच्या पशुधनाचा नाश होतो, अशी टीका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पशुतज्ज्ञ सातत्याने करत होते. दुसऱ्या मार्गासाठी गवत, पाणी आणि रेल्वे या तिन्ही सोयी असलेला वसई ते डहाणू हा पट्टा सोयीचा होता. पुढे राज्याच्या दुग्धविकास खात्याच्या ताब्यात पालघरजवळ शेकडो हेक्टर जमीन आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने भाकड म्हैस सांभाळणे म्हणजे पेंढा, गवत आणि घरच्या माणसांचे श्रम विकणे होते; शेण त्याला मिळे, पण म्हैस विण्याच्या सुमारास शहराकडे परत जात असल्याने तिचे दूध मात्र त्याच्या हाती लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाची टंचाई व भेसळ इतकी वाढली की सरकारला थेट हस्तक्षेप करावा लागला. १९४५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूध योजनेखाली गुजरातेतील आणंद येथून, सुमारे सव्वाचारशे किलोमीटर अंतरावरून, पाश्चरीकरण केलेले, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून लगेच थंड केलेले दूध रेल्वेने मुंबईस येऊ लागले. आरंभी हा पुरवठा पोल्सन या खासगी कंपनीमार्फत होत असे. तिच्या मक्तेदारीविरुद्ध खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये आंदोलन केले, १४ डिसेंबर १९४६ रोजी त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली आणि १९४८ पासून तो संघ मुंबई योजनेला दूध पुरवू लागला. हे दूध डहाणू, बोईसर व पालघर या स्थानकांवरूनच पुढे जात होते. शीतकरण आणि पाश्चरीकरण यांनी अंतराचा अडथळा दूर केल्यावरही चौपट लांबच्या खेडा जिल्ह्याचा शेतकरी मुंबईचा दूधपुरवठादार झाला आणि ठाण्याचा उत्तर भाग गवतापुरताच राहिला, याचे कारण भूगोलापेक्षा जमीनधारणेत अधिक शोधावे लागते. खेडा जिल्ह्यात स्वतःच्या जमिनीवर चारा पिकवणारा, म्हशी बाळगणारा आणि संघटनेचा अनुभव असलेला शेतकरी वर्ग होता. येथे बहुसंख्य शेतकरी कुळे किंवा भूमिहीन मजूर होते, आणि ज्याच्याकडे जमिनीचा हक्क नाही तो म्हशीसाठी भांडवल उभे करू शकत नाही. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवसापासून कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली, यांनंतरच या भागात स्वतःच्या गोठ्यातील दूध विकणारा लहान शेतकरी निर्माण होण्यास वाव मिळाला.

शासनाचे लक्ष मात्र लहान शेतकऱ्यापेक्षा शहरातील तबेल्यांवर अधिक होते. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. विखुरलेल्या तबेल्यांतील म्हशी एका नियोजित ठिकाणी आणाव्यात, त्यांच्यासाठी कुरणे असावीत आणि दूध यंत्राने प्रक्रिया करून बाटल्यांतून वाटावे, असा तिचा हेतू होता. तबेले शहराबाहेर आणखी दूर नेण्याच्या विचारातून पुढे डहाणू–तलासरी भागात दापचरी दुग्ध प्रकल्प आखला गेला आणि त्याच्या पाण्यासाठी कुर्झे धरण बांधण्यात आले. नागरी क्षेत्रात गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण आणणारा १९७६ चा महाराष्ट्राचा कायदा याच धोरणाचा भाग होता. दापचरीला अपेक्षित यश लाभले नाही आणि कालांतराने तेथील गोठे व जमिनी ओस पडत गेल्या. म्हशी आणि त्यांचे मालक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवले की दुधाचा प्रश्न सुटेल, असे त्यात गृहीत धरले होते. आसपासच्या गावांत चार-दोन म्हशी बाळगणाऱ्या शेतकऱ्याला दुधाचा बाजार कसा मिळेल, हा प्रश्न त्यात दुय्यम राहिला.

ती उणीव दूधवाल्याने भरून काढली. दूधवाला हा बहुधा शेतकरीच असे. स्वतःच्या दोन-तीन म्हशींच्या दुधात शेजारच्या घरांचे दूध मिळवून ते बोईसर, पालघर किंवा थेट मुंबईच्या उपनगरांपर्यंत नेणे हा त्याचा जोडव्यवसाय. त्याचा दिवस पहाटेच्या गाडीने ठरे. गाडी सुटण्यापूर्वी दीड-दोन तास आधी धारा काढून व्हाव्या लागत, घरोघरचे दूध मापाने मोजून बरण्यांत भरावे लागे आणि सायकलच्या दोन्ही बाजूंना बरण्या अडकवून कच्च्या रस्त्याने स्थानक गाठावे लागे. दुग्धमापी, म्हणजे दुधाची घनता दाखवणारी काचेची नळी, पाण्याची भेसळ ओळखण्यास उपयोगी पडे; परंतु गावपातळीवर व्यवहार चाले तो प्रामुख्याने ओळखीवर आणि उचलीवर. उचल म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, जी नंतर दुधाच्या हिशेबातून वळती केली जाई. म्हैस घेण्यासाठी किंवा लग्नकार्यासाठी उचल घेतलेला शेतकरी ती फिटेपर्यंत त्याच दूधवाल्याला दूध घालण्यास बांधलेला असे. दुसऱ्या टोकाला दूधवाला स्वतः गिऱ्हाइकाच्या रतिबाने बांधलेला असे. रतीब म्हणजे रोज ठरलेले माप, ज्याचे पैसे महिनाअखेरीस मिळतात आणि ज्यात एक दिवसाचा खाडाही गिऱ्हाईक तोडू शकतो. गावात उचल आधी द्यायची आणि शहरात पैसे महिन्याने घ्यायचे, या दोन मुदतींमधील अंतर स्वतःच्या अंगावर पेलणे हीच त्याच्या धंद्याची खरी जोखीम होती.

या जोखमीत ऋतूंची भर पडे. म्हशी बहुतांशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वितात, त्यामुळे दिवाळीच्या पुढेमागे दूध भरपूर आणि चैत्र-वैशाखात टंचाई असे चक्र असते. शहरातील मागणी मात्र उन्हाळ्यात, लग्नसराईमुळे, कमी होत नाही. शिवाय भात लावणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक माणूस खाचरात लागतो आणि त्याच दिवसांत रुळांवर पाणी येऊन गाड्या खोळंबतात, त्यामुळे नासलेल्या दुधाचा तोटा दूधवाल्यालाच सोसावा लागे. गोठ्याचे काम, म्हणजे शेण काढणे, गवताचा भारा आणणे, आंबोण (पेंड, भुसा इत्यादी भिजवून दिलेले खाद्य) कालवणे आणि पुष्कळदा धार काढणेही, मुख्यतः स्त्रियांकडे असे. दूध उंबऱ्याबाहेर गेल्यावरचा पैसा मात्र पुरुषांच्या हातून फिरे. या धंद्याच्या इतिहासात दूध वाहणारा दिसतो, काढणारी दिसत नाही, हा दोष श्रमविभागणीतून आलेला आहे.

१९६९ मध्ये तारापूर अणुऊर्जा केंद्र व्यावसायिकरीत्या कार्यान्वित झाले, त्यानंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत विस्तारत गेली आणि दूधवाल्याच्या व्यवहाराची दिशाच बदलली. अणुऊर्जा केंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत, कारखान्यांतील अधिकारी आणि देशभरातून आलेले कामगार यांच्यामुळे बोईसर स्वतःच दुधाची बाजारपेठ झाले. चहाच्या टपऱ्या, खानावळी आणि मिठाईची दुकाने ही तर दिवसातून दोनदा दूध घेणारी गिऱ्हाइके. बेटेगावसारख्या स्थानकापासून जवळच्या गावातील शेतकऱ्याला आता पहाटेच्या गाडीची सक्ती उरली नाही; सायकलने, पुढे मोटारसायकलने, सकाळ-संध्याकाळ रतीब घालून मधल्या वेळात शेती किंवा कारखान्यातील पाळी करणे शक्य झाले. मात्र याच सोयीमुळे सहकारी दूधसंस्थांची मुळे येथे खोल गेली नाहीत. १९६७ मध्ये राज्य सहकारी दूध महासंघ, म्हणजे महानंद, स्थापन झाला, १९७० मध्ये दुग्धक्रांतीची ‘ऑपरेशन फ्लड’ योजना सुरू झाली आणि कोल्हापुरात १९६३ पासूनच गोकुळचा जिल्हा संघ उभा होता. परंतु ज्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक दारातच कच्च्या दुधाचा चढा भाव देते, त्याला स्निग्धांश मोजून भाव देणाऱ्या, तुलनेने कमी दराच्या संस्थेत दूध घालण्याचे कारण उरत नाही. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला शहर दूर असल्यामुळे संघ लागला. बोईसरच्या शेतकऱ्याला शहर जवळ असल्यामुळे त्याची निकड भासली नाही आणि म्हणूनच पशुवैद्यकीय सेवा, पशुखाद्य व पतपुरवठा हे संघामुळे मिळणारे लाभही त्याच्या वाट्याला अपुरे आले. त्याचा परिणाम पिशवीबंद दूध घरोघर पोहोचल्यावर दिसला : गुजरात व पश्चिम महाराष्ट्रातील संघांचे दूध बोईसरच्या दुकानांत रोज पहाटे मिळू लागले आणि एकट्यादुकट्या दूधवाल्याकडे त्याच्याशी स्पर्धा करण्यासारखे ताजेपणाखेरीज काही राहिले नाही.

एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा विरारच्या पुढे डहाणूपर्यंत वाढली, तेव्हा विक्रेत्यांच्या मालडब्यातून दूध व भाजी नेणाऱ्यांची सोय झाली. पण त्याच सेवेमुळे बोईसर–पालघर पट्टा मुंबईचे राहण्याचे उपनगर बनला आणि जमिनीचे भाव चढले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. सूर्या नदीवरील धामणी व कवडास धरणांच्या पाण्यापैकी ४०३ दशलक्ष लिटर रोज वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला देण्याची योजना राबवली गेली. पश्चिम समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग आणि मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग याच तालुक्यांतून गेले, आणि मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे बोईसर स्थानक बेटेगाव येथे ठरले. कारखान्यांचे दूषित पाणी आणि हवा यांमुळे तारापूर औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत गेले. या प्रत्येक घटनेने वरकस जमीन थोडीथोडी कमी केली, आणि वरकस जमीन गेली की गवत जाते, गवत गेले की विकतच्या पेंडीवर म्हैस पोसावी लागते व दोन म्हशींच्या दुधात तो खर्च निघत नाही. गोठा बंद होण्यामागे पुढच्या पिढीला कष्ट नकोत हे कारण सर्रास सांगितले जाते; हिशेब पाहिला तर चाऱ्याची जमीन हे त्याहून मोठे कारण ठरते.

गवत, भाकड म्हशींची जोपासना, दूध, पाणी आणि शेवटी जमीन अशा क्रमाने या परिसराने महानगराला जे दिले, त्यातील दूध हा एकच टप्पा असा होता की ज्यात लहान शेतकरी मजूर किंवा विस्थापित म्हणून नव्हे, तर विक्रेता म्हणून बाजारात उभा राहिला, आणि तो टप्पा कोणत्याही मोठ्या योजनेने आणला नव्हता. त्यामुळे या भागाचा औद्योगिक इतिहास लिहिताना सायकलवर बरण्या वाहणाऱ्या शेतकऱ्याला किरकोळ फेरीवाला समजणे चुकीचे आहे. शहर आणि गाव यांच्यामधील पतपुरवठा, वाहतूक व जोखीम ही तिन्ही कामे त्याने एकट्याने केली. शासनाने दुग्धविकासासाठी राखलेल्या जमिनींचे काय झाले, हे मात्र सर्वांसमोर आहे : पालघर–बोईसर रस्त्यावर कोळगाव येथे २०२१ मध्ये सुरू झालेले पालघर जिल्ह्याचे मुख्यालय दुग्धविकास खात्याच्या जमिनीवर उभे आहे.